दहा वजा तीन वजा दोन

ओळीच्या उजव्या टोकावर बोट टेकवायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही बाईंची रीत. पडद्यावर बोटाचा ठसा उमटायचा. तो पुसायचं काम माझं.

"उजवीकडून वाच गं. डावीकडून सगळेच वाचतात, म्हणून तर ही वेळ आलीय."

हिंजवडीच्या कंपनी बसमधून तुम्ही जात असाल, तर अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. पहिली सीट, सुती साडी, मांडीवर डबा आणि शेजारी कुणी बसू नये असा चेहरा. आधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. संगणकाचं वारं आलं तशा शिकून इकडे आल्या. ऑफिसात बाकी सगळ्या मॅडम, या एकट्या बाई. "मॅडम म्हणायला मी काय साबण विकते?"

परदेशातल्या एका विमा कंपनीच्या पेन्शनचा हिशेब आमच्याकडे चाले. तो लिहिलेला होता एका जुन्या, विचित्र भाषेत. अक्षरं जवळजवळ नाहीतच, नुसती चिन्हं. शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेली असावी, तशी ओळ. पण इतरांना पानभर लागेल ते काम ती एक ओळ करायची. ती भाषा आख्ख्या इमारतीत फक्त बाईंना येत होती. त्यांनी कीबोर्डच्या प्रत्येक कळीवर हातानं चिन्हं काढलेले स्टिकर लावले होते आणि त्यांना घरची नावं दिली होती. एक फिरकी, एक सोंड. एक कंदील. कंदिलापुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. बाईंनी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर कंदील होता आणि त्याच्यापुढे बाईंचं नाव.

मी यवतमाळची. फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहून हात तयार झालेला, नोकरी नवी. साहेबांनी मला बाईंच्या शेजारी बसवलं. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "दहा वजा तीन वजा दोन?"

"पाच."

"नऊ. उजवीकडून. आधी तीनातून दोन गेले, राहिला एक. तो दहातून गेला."

"काहून?"

"का. 'का' पुरतं. 'हून' कशाला?"

मला राग आला. पुण्यात येऊन बोलीवरून टोमणे खायचे, तेही फुकट! पण महिनाभरात ती ओळ मला दिसू लागली आणि राग कुठे गेला कळलं नाही. एखादी ओळ चालली की बाई डब्यातला लाडवाचा तुकडा पुढे करायच्या. शाबासकी नाही, तुकडा.

एकदा साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंकडून सगळं काढून घे. लवकर." काढून घे! खिशातून काढतात तसं. मी तशीच जाऊन बाईंना सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझं शिकून झालं की मला नारळ."

"मग काहून शिकवता?"

या वेळी त्यांनी माझं 'हून' काढलं नाही. "इतकी देखणी भाषा त्या माणसाच्या हाती एकटी सोडू?"

नारळ मिळाला. वय झालं, असं कारण दिलं गेलं. साहेब बाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. दुसऱ्या आठवड्यात मी प्रोग्राम उघडला तर कंदिलापुढे साहेबांचं नाव. एकात नाही, सगळ्यांत. ज्या माणसाला फिरकी आणि सोंड यांतला फरक कळत नव्हता, त्याचं.

मी त्याच दिवशी फोन केला. बाई म्हणाल्या, "नोकरी घेतली ते ठीक. नाव कशाला पुसायचं?" मी म्हटलं, सोडून द्या म्हणणारे भेटतील तुम्हाला. त्या म्हणाल्या, "मी गणित शिकवलंय, कीर्तन नाही केलं. क्षमा माझ्या विषयात येत नाही."

मग विमा कंपनीचा एक म्हातारा इंजिनिअर काम बघायला आला. तरुणपणी यानंच त्या भाषेत हा हिशेब लिहायला सुरुवात केली होती. साहेबांनी भिंतीवर बाईंची सगळ्यात सुंदर ओळ लावली, "ही माझी" म्हणाले आणि समजावून सांगायला बोट ठेवलं. डाव्या टोकावर.

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. तो उठला आणि फळ्यावर लिहिलं: दहा वजा तीन वजा दोन.

"पाच," साहेब हसून म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायले. सावकाश, ग्लास संपेपर्यंत.

संध्याकाळी फोनवर बाईंचा पहिला प्रश्न, "किती म्हणाला?"

"पाच."

बाईंना मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी दोन्ही बाजू भरून पत्रक लिहिलं आणि फोनवर वाचून दाखवलं. "विशेषणं काढ," बाई म्हणाल्या. काढली. "अजून काढ." शोषण गेलं, धिक्कार गेला. शेवटी एक ओळ उरली. ती छापून मी बसच्या प्रत्येक सीटवर ठेवली: 'दहा वजा तीन वजा दोन किती? साहेबांना विचारा.'

लोकांनी विचारलं. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये. वॉचमननंसुद्धा विचारलं. माझी नोकरी गेली. त्याची मला आजही हळहळ नाही.

म्हाताऱ्यानं हट्ट धरला तेव्हा कंपनीनं बाईंना परत बोलावलं. बाईंची अट एकच: "साहेबांना पाठवा. शिकवणीला." त्यांनी घरी बाहेरच्या खोलीत एक खुर्ची मांडली आणि पुढ्यात ऑफिसातून निघताना सोबत आणलेला तो स्टिकरवाला कीबोर्ड. मी रविवारी जायचे. चुकून त्या खुर्चीकडे वळले की बाई म्हणायच्या, "ती नको. ती साहेबांची आहे."

साहेब आले नाहीत, म्हणून बाईही परत गेल्या नाहीत. साहेबांना दुसरीकडे मोठी जागा मिळाली. अशा लोकांना मिळते. गेल्या थंडीत बाई गेल्या.

खुर्ची आणि कीबोर्ड मी त्यांच्या बहिणीकडून मागून आणले. आता ते आमच्या आयटी कामगारांच्या संघटनेच्या वाघोलीच्या खोलीत असतात. कितीही गर्दी झाली तरी त्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही.

साहेब, हे वाचत असाल तर या. जागा धरून ठेवली आहे. दारातून आत आलात की उजवीकडे.