शगदरचा खड्डा

आमच्या टेकडीवरची माणसे म्हणत की, इतरांनी मेंढ्या पाळाव्यात तसा शगदरने खड्डा पाळला आहे. चढाच्या अगदी माथ्यावर, त्याच्या फाटकासमोर, वसंतात बर्फ वितळू लागले की डांबर फुटे आणि हातभर खोल खड्डा उघडा पडे. आणि फाटकाच्या आत शगदरचे गाड्या दुरुस्त करण्याचे काम चाले. शॉकअप, बॉल जॉइंट, वाकलेल्या रिमा. गाडी आदळली की तिला त्याच्या अंगणापर्यंत ढकलायला दोन माणसे पुरत. आमच्या गल्ल्यांची प्रमुख यांजमा हिला आडपडदा माहीत नव्हता. ती म्हणायची, "रोज पहाटे फावड्यानं चारा घालतो तो त्याला."

मी अकरा वर्षे त्याच्या शेजारी राहिलो. पहाटेचे फावडे मीही पाहिले होते.

शगदर मूळचा माळावरचा, आम्ही सगळेच तसे. घोड्याच्या चालीवरून कोणता पाय दुखतो हे तो लहानपणी ओळखायचा. उलानबाटरला आल्यावर ते ज्ञान त्याने गाड्यांना लावले. चढावर आवाज झाला की गेरमध्ये, आपल्या गोल तंबूघरात, चहा पीत बसल्या बसल्या तो म्हणे, "डावा पुढचा." बहुतेक वेळा डावाच असे. आमच्या गाड्या जपानहून जुन्या होऊन येतात, त्यांचे स्टिअरिंग उजवीकडे, आणि आम्ही चालवतोही रस्त्याच्या उजव्या बाजूने. चालक कडेला बसतो, आणि डावे चाक जिथे पडते तिथे त्याची नजर पोचत नाही.

त्या हिवाळ्यात त्याची बायको पगमा कोळशाचे पोते आणताना बर्फावर घसरली आणि तिच्या कमरेच्या मणक्याला चीर गेली. दर मंगळवारी तिला खाली शहरातल्या इस्पितळात न्यायचे होते. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: धक्का बसू देऊ नका, पुढचा धक्का पायांवर जाईल. टेकडीवरून उतरणारा रस्ता मात्र एकच होता. माथ्यावर त्याच्या एका अंगाला समोर राहणाऱ्या गोतोवचे कुंपण, दुसऱ्या अंगाला चर. मधे खड्डा. चाक खड्ड्यात घालायचे की चरात, एवढीच निवड.

मंगळवारी सकाळी शगदर पुढची सीट आडवी करी, खाली लोकरीच्या नमद्याच्या दोन घड्या घाली, पगमाला उचलून ठेवी. मग गाडी माणसाच्या चालीनेही नाही, त्याहून हळू निघे. खड्ड्याच्या काठावर तो थांबे आणि चाक आत सोडी. पगमा तेवढा वेळ देलच्या, अंगातल्या पायघोळ झग्याच्या, लांब बाहीचे टोक दातांत धरून ठेवी. ओरडत नसे. बाहीचे ते टोक वसंत संपेपर्यंत झिजून विरले होते.

आणि फावडे याचसाठी होते. पहाटे तो खड्ड्यात चुलीची राख आणि विटांचे तुकडे भरी. दुपारी ऊन चढले की वरचे बर्फ पाणी होऊन येई आणि भरलेले सगळे चरात वाहून नेई. गाडी बंद पडलेला माणूस दुपारी बघणार तो उघडा खड्डा, आणि हातात पाना घेऊन उभा असलेला शगदर.

शेवटी तो वॉर्डाच्या कचेरीत गेला. तिथे सांगण्यात आले, तीस घरांच्या सह्या आणा. पाण्याच्या टपरीपाशी सकाळी सगळी टेकडी कॅन घेऊन रांगेत असते, म्हणून तो कागद घेऊन तिथेच उभा राहिला. मी रांगेतच होतो.

"यांजमाताई, एक सही."

"कशावर?"

"खड्डा बुजवायच्या अर्जावर."

यांजमाने कॅन खाली ठेवला. "ऐकलंत का? लांडगा मेंढवाड्याला कुलूप मागतोय."

"पगमाला इस्पितळात न्यायचं असतं."

"पगमाचं वाईट वाटतं रे. पण गेल्या वर्षी माझ्या जावयाची गाडी तुझ्या दारात चार दिवस पडली होती, ते मी विसरले नाही."

"सुटा भाग येत नव्हता."

"येत नव्हता. आणि खड्डा मात्र रोज वेळेवर येत होता."

मागून गोतोव म्हणाला, "बुजवून पुढं काय करायचा विचार आहे? टोलनाका?" रांग हसली. शगदरने कागदाची घडी केली नाही. नळी घेऊन पाणी सोडणाऱ्या बाईपर्यंत तो एकेकाला विचारत गेला. चार सह्या मिळाल्या. माझी तिसरी.

त्यानंतर त्याने राख सोडली आणि दगड आणले. खालच्या कोरड्या ओढ्यातून, पाण्याच्या हातगाडीवरून, तीन दिवस. पाण्याने हलणार नाहीत असे मोठे दगड त्याने खड्ड्यात बसवले आणि वर कमरेइतका ढीग ठेवला, पुढे दाबून सपाट करायला. तोवर कुणी त्यावर गाडी घालू नये म्हणून मधे विलोची काठी रोवली. काठी दुरून दिसावी म्हणून काहीतरी रंगीत हवे होते. त्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला एक जुना निळा रेशमी खदग, देवाला वाहतात तसला पट्टा, गुंडाळलेला होता. तो सोडून त्याने काठीला बांधला.

पगमाने ते पाहिले असते तर तिने वेळीच सांगितले असते. ती गेरमध्ये आडवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळाकडून आलेला एक ट्रक माथ्यावर थांबला. चालक उतरला, कडेचा दगड उचलून ढिगावर ठेवला, गेला. शगदर मला म्हणाला, "बघ, माणसं वाईट नाहीत. हात लावताहेत." त्या दिवशी आणखी सात जणांनी दगड ठेवले. मी त्याला तेव्हाच सांगायला हवे होते. पण तो फार दिवसांनी खुशीत होता. तिसऱ्या दिवशी दगडांवर दुधाचे थेंब होते, साखरेच्या वड्या होत्या, काठीला आणखी दोन खदग होते, आणि गोतोवची म्हातारी आई ढिगाभोवती तिसरी फेरी घालत होती.

चढाच्या माथ्यावर दगडांचा ढीग, मधे काठी, काठीला निळे रेशीम. टेकडीला ओवो मिळाला होता, वाटसरूंनी दगड वाहून फेऱ्या घालायचे देवस्थान.

गाड्या आता त्याला वळसा घालून चरातून जाऊ लागल्या. ज्यांना उतरायला वेळ नसे ते तीनदा हॉर्न वाजवून नमस्कार करत आणि मग चरात आदळत. शगदरच्या अंगणात पूर्वी दोन गाड्या असत, आता चार. यांजमा म्हणाली, "आता देवालाही कामाला लावलं."

मधला एक मंगळवार पगमाचा चुकला. दहाव्या दिवशी डांबराचा ट्रक आला, मागून रोलर. अर्ज नव्हता, काही नव्हते. शहरभर खड्डे बुजवत ती टोळी आमच्या चढापर्यंत आली होती, एवढेच. मुकादम उतरला, ओवो पाहिला, टोपी काढली.

"कुणी बसवला?"

"बसवला नाही," शगदर म्हणाला. "मी खड्डा भरला."

"मग खदग कशाला?"

"दिसावं म्हणून."

मुकादमाने टोपी परत डोक्यावर चढवली. "हे बघा काका, माझी माणसं याला हात लावणार नाहीत. उद्या रोलर उलटला तर घरी काय सांगू? तुम्ही रचलंत, तुम्हीच काढा. आम्ही चहा होईस्तोवर थांबतो."

शगदर वाकला. दोन्ही हात एका दगडाला घातले. फाटकातून आवाज आला. दाराची चौकट धरत, कुंपणाला टेकत पगमा तिथवर आली होती. एवढे अंतर ती तीन महिन्यांत चालली नव्हती.

"म्हाताऱ्या, हात काढ."

"तुझ्यासाठीच काढतोय."

"माझ्यासाठीच नको. लोकांनी त्यावर दूध शिंपडलंय. त्यांनी काय काय मागितलं असेल, तुला माहीत आहे? ते उपसून मला बरं व्हायचं नाही."

"मंगळवारचं काय मग?"

"मंगळवारचं मंगळवारी बघू."

तो वाकलेलाच राहिला. टोळीने चहा संपवला, खालच्या वळणावरचे दोन बारीक खड्डे बुजवले आणि रोलर उतरत गेला. नंतर शगदर एका लामाकडेही जाऊन आला. लामा म्हणाले, हा ओवो विधीने बसवलेला नाही, त्यामुळे तो हलवण्याचा विधीही नाही.

पगमाला घेऊन चरातून गाडी नेणे शक्यच नव्हते. सोमवारी संध्याकाळी शगदरने आपली गाडी एकदाच चरातून रिकामी काढली आणि माथ्याच्या खाली लावून ठेवली. ती पुढे कायम तिथेच राहिली. मंगळवारी त्याने पाण्याच्या हातगाडीवर नमदे पसरले, पगमाला त्यावर झोपवले आणि दांडा धरून पावला-पावलाने निघाला. ओवोपाशी आल्यावर पगमा म्हणाली, "थांब. तसंच पुढं जायचं नाही." म्हणून त्याने ती हातगाडी ओवोभोवती उजवीकडून तीनदा फिरवली, चराच्या काठाला आला की चाक उचलून धरी, तिला हिसका लागू नये म्हणून. तिने सोबत आणलेला एक खडा ढिगावर ठेवला. मागे दोन गाड्या थांबल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवले ते तीन-तीनदाच.

यांजमा कॅन भरून वर येत होती. ती बाजूला उभी राहून तिसरी फेरी पुरी होईपर्यंत पाहत राहिली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा कमी होता.

"शगदर, तीन फेऱ्या घातल्यास. काय मागितलंस?"

त्याने दांडा खांद्याला लावून घेतला आणि उताराकडे पाहिले.

"डांबर."