तुळईखालचा वर्ग

जुनी वास्तू पुढच्या पिढ्यांवर छत्र धरते, असं आमच्या प्रतिष्ठानचे अध्यक्ष म्हणत. परवा पौडला कुणी दाराला जवसाचं तेल लावत होतं. त्या वासासरशी ते छत्र मला पुन्हा दिसलं.

कासार आंबोलीतलं जुनं घर प्रतिष्ठानने गावाच्या शिक्षणासाठी जपायला घेतलं होतं. उद्घाटनाला माझ्या वर्गातली मुलं मी मधल्या तुळईखाली बसवली. तेल पिऊन तुळई चकाकत होती. सुतार दगडूमामांनी तिच्यावर हातोडी आपटली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"बाई, पोरं उठवा. वाळवीनं आत काय ठिवलं न्हाई."

"मामा, शंभर वर्षं उभी आहे ती," अध्यक्ष हसले.

"व्हय, आता निस्त्या तेलावर उभी हाय."

तरी मुलांना न उठवता मी थांबले. भाषण सुरू झालं, वर काहीतरी करकरलं आणि मुलांच्या केसांवर बारीक भुसा पडू लागला. तेव्हा मी त्यांना अंगणात नेलं. भाषण मोडल्याची मला कितीतरी दिवस लाज वाटली. आता लाज वाटते ती थांबले त्या दहा मिनिटांची.

घर उत्तम जपलंय. वर्ग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो.