डाव्या वळणावरचा हॉर्न

लुगानो म्वाकाजिला चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचा होता, आणि त्याचं कारण आमच्या टुकुयू गावात जो तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणे थोरल्या बहिणीने लाडावून ठेवलाय. कुणी म्हणे चर्चच्या गाण्यात खालच्या पट्टीत गाणाऱ्यांची लग्नं उशिराच होतात. मला विचाराल तर गोष्ट साधी होती. बायामाणसांसमोर त्याचं तोंड उघडायचं नाही, आणि उघडलंच तर डिझेल गाडीच्या दुखण्यांवर उघडायचं.

मी त्याची मालकीण. माझी पावाची बेकरी आहे. इथे मला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी 'सेकेलाची आई'. पाव पोचवायला मी एक व्हॅन घेतली होती, जपानात म्हातारी होऊन आमच्याकडे आलेली. दारावर जपानी अक्षरं होती. पाद्रीबाबा म्हणायचे, 'ताजे मासे' असं लिहिलं असणार, कारण पाऊस पडला की अजून वास येतो. आणि आमच्याकडे पाऊस पडत नाही असा आठवडा नसतो.

या गाडीला काय नव्हतं? इंजिन गरम करणाऱ्या चार हीटर प्लगपैकी दोन मेलेले. डोंगरातल्या थंडीत सकाळी लुगानो किल्ली अर्धी फिरवून धरायचा, स्तोत्राचं एक कडवं पूर्ण म्हणायचा आणि मग सेल्फ मारायचा. त्याने दुसरं कडवं सुरू केलं की शेजारच्या बायका कालची उकडलेली केळी गरम करायला ठेवायच्या. आज पाव उशिरा येणार हे त्यांना कळायचं.

गिऱ्हाइकाने उशीर का म्हणून विचारलं तर लुगानो सांगायचा. म्हणजे सगळंच सांगायचा. "डिझेलमध्ये पाणी होतं. ते फिल्टरच्या बुडाशी साठतं. खालचा स्क्रू ढिला करून सोडून दिलं, तर लाइनीत हवा शिरली. ती काढतोय तोवर बॅटरी उतरली. बॅटरी का उतरली? तर पट्टा ढिला, त्यामुळे डायनामो चार्ज करत नाही. पट्टा का ढिला..."

"भाऊ, मला पाव दे," शेजारच्या किविरा गावचा दुकानदार एकदा म्हणाला. "गाडीचं पुराण रविवारी ऐकेन."

त्या वर्षीचा मोठा पाऊस सरता सरता हॉर्नचं सुरू झालं. गाडी डावीकडे पुरती वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. साधासुधा नाही, भोंग्यासारखा लांबलचक. पुढे रस्ता दुसऱ्या अंगाला कलला की गप्प. आता लुगानोच्या रोजच्या वाटेवर इतकं जोरकस डावं वळण एकच होतं, कटुंब्याला चहाच्या मळ्यांकडे जाणाऱ्या फाट्यावरचं. आणि त्या वळणावर बरोब्बर म्झे येसाया यांचं घर.

म्झे म्हणजे मान्यवर म्हातारा, आणि येसायाबाबा तर गावच्या वडीलधाऱ्यांतले. त्यांची मुलगी सुबिलागा मबेया शहरातून परत येऊन वडिलांकडे राहत होती. तिथे तिने एका माणसाशी लग्न करायचं कबूल केलं होतं. त्याला आधीची बायको असल्याचं कळल्यावर ती बॅग घेऊन पहिल्या बसने घरी आली आणि कोंबड्या पाळायला लागली. शहाणी बाई. तोंडाने मात्र फटकळ.

एका सकाळी ती रस्त्यात मधोमध उभी राहिली. कमरेला कांग्याचं रंगीत कापड खोचलेलं, हातात दाण्यांची बादली.

"काय काम असतं रोज?" तिने विचारलं.

"काही नाही, ताई."

"मग हॉर्न कशाला? माझ्या कोंबड्या दचकतात. निम्म्यांनी अंडी घालणं सोडलंय."

"मी नाही वाजवत, ताई. आपोआप वाजतो. कुठेतरी वायर उघडी पडून बॉडीला लागत असणार, अर्थिंग मिळालं की हॉर्न..."

"आपोआप," ती म्हणाली. "आणि माझ्याच दारात."

लुगानो बेकरीत येऊन पोत्यावर बसला. मी म्हटलं, "हॉर्नचा फ्यूज काढून टाक की."

"काढला असता. पण ब्रेकलाइटचाही तोच फ्यूज आहे. तो काढला की मागचे दिवे जातात, आणि पोलीस मला चौकातच धरतो."

त्याने स्टिअरिंगचं बटण खोललं, समोर हॉर्नपर्यंत सगळ्या वायरी तपासल्या, सुट्या दिसल्या तिथे टेप गुंडाळली. दुसऱ्या दिवशी वळणावर हॉर्न वाजलाच.

त्यानंतरच्या रविवारी चर्च सुटल्यावर म्झे येसाया काळा कोट घालून, धाकट्या भावाला सोबत घेऊन माझ्या दारात आले. चहा झाला. पावसापाण्याचं झालं. मग म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "सेकेलाच्या आई, तुमचा माणूस रोज सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजवतो. सगळा गाव ऐकतो. त्याचा इरादा काय आहे, तेवढं विचारायला आलो."

मी लुगानोला बोलावलं. त्याचा चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा पांढुरका झाला.

"काका, तो शॉर्ट आहे," तो म्हणाला. "मी सुबिलागाताईंना सांगितलंय."

"ताई म्हणतोस आणि हॉर्न वाजवतोस?" धाकटा भाऊ म्हणाला.

"एक तर तुझं नावच लुगानो," येसायाबाबा म्हणाले. आमच्या भाषेत लुगानो म्हणजे प्रेम, त्याला तो बिचारा काय करणार. "बाळा, लाजू नकोस. आम्हीही तरुण होतो. आमच्याकडे हॉर्न नव्हते, आम्ही खोकायचो."

शेवटी ठरलं की सगळ्यांनी गाडीत बसून खरंखोटं बघायचं. दोघे म्हातारे पुढे डाव्या सीटवर, लुगानो स्टिअरिंगवर, आणि मी मागे पावाच्या रिकाम्या क्रेटवर. फाटा आला. लुगानोने स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं.

काही नाही. इंजिनाची धडधड आणि पट्ट्याची चिरचिर, बस्स.

"वाजव ना," येसायाबाबा म्हणाले.

"मी नाही वाजवत काका, ती वाजवते."

"मग तिला सांग."

तो मागे जाऊन पुन्हा वळला. मग जास्त वेगात वळला, तेव्हा मी क्रेटसकट गाडीच्या पत्र्यावर आपटले. हॉर्न मुका तो मुकाच. सुबिलागा कुंपणाशी हाताची घडी घालून हे सगळं बघत होती.

येसायाबाबा खाली उतरले, कोट झटकला आणि समाधानाने म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. तेव्हा जे काय आहे ते तुझ्या मनात आहे. तसं ते वाईट नाही. बोलणी करायला चांगली माणसं पाठव."

मी तिथेच त्यांच्या शेजारणीकडे थांबले. लुगानो एकटाच गाडी घेऊन निघाला. वळणावर हॉर्न असा कोकलला की झाडावरची पाखरं उडाली. म्हातारा घरात शिरता शिरता भावाला म्हणाला, "बघ, गप्प बसवत नाही त्याला."

लुगानोने सोमवारी वायरिंगच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. मिस्त्री शेजारी बसला, फिरून आला, म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही. तुम्ही नीट झोपता ना?" मला लुगानोची दया यायला लागली. दुखणारा दात दवाखान्याच्या पायरीवर दुखायचा थांबतो, तसलाच हा प्रकार.

गुरुवारी सुबिलागाने पुन्हा गाडी अडवली. हॉर्न तिच्या कानादेखत नुकताच वाजून गेला होता.

"त्या दिवशी वडिलांसमोर गप्प, आणि आज हा गोंधळ," ती म्हणाली. "आता मी बसते. बघू."

ती डाव्या सीटवर बसली. गाडी वळली, हॉर्न नाही. ती उतरली, लुगानो एकटा वळला, हॉर्न वाजला. ती पुन्हा बसली, पुन्हा गप्प. लुगानो कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, हिला माणसं कळतात. मिस्त्री बसला तेव्हाही गप्प होती."

"तिला काही कळत नाही," सुबिलागा म्हणाली. "वडील बसले तेव्हा वाजला नाही. मिस्त्री बसला तेव्हा नाही. मी बसले की नाही. माणूस कुठलाही असो, बसलं की थांबतं. म्हणजे खोट सीटच्या खाली आहे. सीट उचल."

लुगानोने सीट उचलली. खाली बॅटरी. तिला जागेवर धरणारी पट्टी कधीच गळून पडलेली, टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी. बॅटरी सुटी असल्यामुळे डाव्या वळणावर घसरायची आणि खालच्या एका वायरीला लोखंडावर दाबायची. दाबून दाबून वायरीचं प्लास्टिक कापलं गेलं होतं. ती हॉर्नचीच वायर. सीटवर कुणी बसलं की भाराने बॅटरी जागची हलायची नाही, म्हणून साक्षीदार असला की हॉर्न मुका. काखेत कळसा म्हणतात तो असा. लुगानो सगळी गाडी पालथी घालून आला होता, आणि रोजची भाकरी मात्र त्याच सीटवर ठेवत होता.

त्याने वायरीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली. सुबिलागाने खुराड्याची जाळी बांधायची जाड तार आणून दिली, त्या तारेने बॅटरी आवळली. सगळं होईपर्यंत दोघांनी भांडण केलं नाही, याचं शेजारणीला फार नवल वाटलं.

लुगानो टोपी काढून येसायाबाबांसमोर गेला. "काका, दोष सापडला. आता वाजणार नाही."

म्हातारा हिरमुसला. "सापडला? तुला कुणी सांगितलं होतं शोधायला?"

त्याच आठवड्यात सुबिलागा माझ्याकडे आली. मला वाटलं लग्नाचं काहीतरी. ती म्हणाली, "सेकेलाच्या आई, वडील काय वाटेल ते बोलोत. मला नवरा नको, गाडीत जागा हवी. माझी अंडी किविऱ्याच्या बाजारात जात नाहीत, बसमध्ये फुटतात."

मी जागा दिली. रोज सकाळी ती मांडीवर अंड्यांचे ट्रे घेऊन डाव्या सीटवर बसायला लागली. पहिल्या फेरीला एक ट्रे फुटला आणि तिने जे काय ऐकवलं ते लुगानोने मला शब्दशः सांगितलं, जरा कौतुकानेच. नंतर तो आला आणि म्हणाला, "मालकीणबाई, मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलायला हवेत."

"चार वर्षं बदलायला नको होते?"

"पावाला धक्का कळत नाही."

मग तो म्हणाला हीटर प्लग बदलू, सकाळी तिला थंडीत ताटकळावं लागतं. मग डाव्या दाराची काच वर जात नव्हती ती. मग तिच्या बाजूचा वायपर. वर्षानुवर्षं ज्या दुखण्यांची तो पुराणं सांगायचा ती एकेक करून बरी व्हायला लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. 'ताई' म्हणायचं त्याने कधी सोडलं ते मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही.

पुढचं मला सुबिलागानेच सांगितलं. किविऱ्याहून येताना चढावर इंजिन गचके देऊन बंद पडलं. डिझेलच्या रबरी नळीला चीर गेली होती, लाइनीत हवा शिरली होती. लुगानोने नळी कापून पुन्हा बसवली, फिल्टरचा स्क्रू ढिला केला आणि सुबिलागाला फिल्टरवरचा छोटा हातपंप मारायला सांगितलं. ती मारत होती, तो स्क्रूतून येणारे बुडबुडे बघत होता.

"निघाली का हवा?"

"अजून बुडबुडे आहेत," तो म्हणाला. आणि मान वर न करता पुढे म्हणाला, "मी तुझ्या घरी माणसं पाठवू का?"

"पंप मारू की उत्तर देऊ? एका वेळी एकच होईल."

लुगानोने विचार केला. "पंप मार," तो म्हणाला.

हवा निघाली. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, इंजिन धरलं, आणि ते पुन्हा बंद पडू नये म्हणून लुगानो ॲक्सिलरेटर दाबत राहिला. त्या आवाजात सुबिलागाने उत्तर दिलं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. इंजिन बंद करून पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, कारण पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता. आणि सुबिलागाचं म्हणणं, मी एकदा सांगितलंय, पुन्हा सांगणार नाही. टुकुयूपर्यंत त्याने इंजिन एकदाही बंद पडू दिलं नाही.

माझ्या दारात गाडी उभी करून तो धावत आत आला. "तुम्ही विचारा तिला. काय म्हणाली ते विचारा."

मी बाहेर गेले. ती रिकामे ट्रे उतरवत होती. मी विचारलं.

"हो म्हणाले मी," ती म्हणाली. "ऐकायचं असतं तर पाय उचलला असता त्याने."

पुढच्या वर्षीचा पाऊस कमी झाल्यावर लग्न झालं. मुलीच्या घरी द्यायच्या गाईंची बोलणी म्झे येसायांनी मुद्दाम लांबवली, कारण त्यांना बोलणी आवडतात. दोघांनी कटुंब्याला घर बांधलं. मागल्या वर्षी मी जुनी व्हॅन विकली आणि नवी घेतली. घेणाऱ्याला तिच्या सगळ्या खोडी नीट सांगायच्या म्हणून लुगानो त्याच्याबरोबर मबेयापर्यंत गेला, बसने परत आला, आणि मग कुणाशी बोलेचना. जेवणावरही लक्ष नाही. मी काळजीने सुबिलागाला विचारलं तर ती मक्याच्या उगालीचा गोळा मोडत म्हणाली, "बोलेल. आज सकाळी नवी गाडी चालू झाली नाही."