मेणाने बंद केलेला डबा

मोबाईलवर वादळाचा इशारा आला म्हणून मेणबत्ती पेटवून पाहिली, आणि त्या वासासरशी तमिळ मुलखातल्या मेलकावेरी गावच्या आमच्या घरातली ती दुपार आठवली.

मी दहा वर्षांची होते. आईने घागरी, पातेली, सगळं पाण्याने भरून ठेवलं होतं. वाऱ्याने खिडक्या थडाथडा आपटत होत्या. तीनच्या सुमारास वीज गेली आणि घरात अंधारून आलं.

"मेणबत्त्या कोठे ठेविल्या?" आईने अप्पांना, माझ्या वडिलांना, विचारलं.

अप्पांनी मांडीवरचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवलेल्या मराठी भजनांच्या वह्या होत्या. पाणी शिरू नये म्हणून त्यांनी सगळ्या मेणबत्त्या वितळवून झाकणाची फट बुजवली होती.

"आपण भिजलो तर वाळू. शाई भिजली तर गेली," ते हळूच म्हणाले.

देवापुढचा दिवा तेवढा उरला होता. वाऱ्याचा झोत आला की आम्ही तिघं त्याच्याभोवती हातांचा आडोसा धरायचो. मी अप्पांवर चिडले होते. त्यांना आमच्यापेक्षा वह्यांचीच काळजी, असं वाटत होतं.

अप्पा गेले, आणि तो डबा माझ्याकडे आला. त्या वह्यांत आता त्यांचंही अक्षर आहे. आज मी मेणबत्त्यांची दोन पाकिटं आणली आहेत. उजेडासाठी त्यातलं एकच.