उसवलेला नऊ नंबर

क्लबातल्या पोरांची ती शिवणमावशी. खरं नाव कुणाला लागायचंच नाही. नवरासुद्धा नुसतं "अगं" म्हणायचा. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक खोली, तीत तिचं मशीन, इस्त्री आणि शर्टांचा ढीग. फुटबॉल खेळणारी ती धटिंगणं शर्ट असे फाडून आणायची, की मावशीचं तोंड दिवसभर चालू. "मेल्या, लाथ बॉलला मारायची असते, शर्टाला नाही!" पोरं खिदळायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी फाडून आणायची.

दुसऱ्या क्लबांत नंबर इस्त्रीने चिकटवतात म्हणे. इथे मात्र कापडाचे कापून हाताने शिवलेले. कारण इथे एक रीत होती, प्रशिक्षक सरांनी घालून दिलेली. मैदानाबाहेर कुणी शेण खाल्लं, की सगळ्या संघादेखत त्याचा नंबर उसवायचा. उसवायचा मावशीने. शिक्षा संपेपर्यंत सामने बंद, तो बोडक्या पाठीचा शर्ट खुंटीवर, आणि ज्याचा शर्ट त्याने रोज त्याच्यासमोर बसून बूट बांधायचे. राखीव गोलकीपरने बसच्या ड्रायव्हरला आईवरून शिवी दिली होती, तेव्हा त्याचा नंबर महिनाभर गेला. ढसाढसा रडला होता बिचारा. मावशीला वाईट वाटलं, पण पटलंही. शिवी ती शिवी.

पण राखीव गोलकीपर वेगळा आणि सोन्या वेगळा.

सोन्या म्हणजे नऊ नंबर. लोक तिकीट काढायचे ते त्याच्यासाठी. गोल झाला की अख्खं मैदान "सोन्या, सोन्या" करत उभं राहायचं, आणि त्याचं डोकं पार चढून गेलं होतं. मागच्या गेटवर मावशीचा नवरा राखणीला. त्याला सगळे कुलूपकाका म्हणायचे, कारण संध्याकाळचे सात वाजले की गेटला कुलूप. मग साक्षात देव आला तरी आधी सरांना विचारणार. एका संध्याकाळी सोन्या गाडीत चार टाळकी कोंबून, पिऊन आला. हॉर्नवर हॉर्न. काका म्हणाला, "सात वाजलेत. सरांच्या शब्दाशिवाय कुलूप निघत नाही." सोन्या खाली उतरला. कानाखाली आवाज काढणं म्हणतात ना? त्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज. पडदाच फाटला.

सरांनी हंगाम संपेपर्यंत नऊ नंबर उसवायला लावला. मावशीने उसवला. एकेक टाका कापला. सोन्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

घरी काका भिंतीकडे तोंड करून पडलेला. घर म्हणजे क्लबानेच दिलेली, मैदानामागची एक खोली. "कानाचं काही नाही गं," तो म्हणायचा. "मी खाली पडलो होतो आणि गाडीतली ती पोरं हसली. आता कुठल्या तोंडाने त्या गेटवर उभा राहू?" दाढी वाढली, जेवण तुटलं. मावशी समजावून थकली, भांडून थकली, मोरीत नळ सोडून रडलीसुद्धा. शेवटी तो बोडका शर्ट कपड्यांच्या बोचक्यात लपवून घरी आणला आणि नवऱ्याचं बोट धरून सुईच्या भोकांवरून फिरवलं. "हे बघा. ह्या हातांनी उसवलाय. सगळ्यांसमोर." काका बराच वेळ ती भोकं चाचपत बसला. सकाळी उठून त्याने दाढी केली आणि किल्ल्या मागितल्या. तेव्हापासून तो माणूस उभा होता तो त्या बोडक्या शर्टाच्या जोरावर.

आणि मग आला अंतिम सामना. तोही घरच्याच मैदानावर.

सकाळीच मॅनेजरने बोलावलं. सर खिडकीपाशी पाठ करून उभे. सोन्या सोफ्यावर पाय पसरून.

"मावशी, नऊ नंबर लावून टाक," मॅनेजर म्हणाला.

"हंगाम संपला का?"

"आज संपतोय की! फक्त एक सामना. उद्या परत उसव, मी नाही म्हणणार नाही."

मावशीला हसावं की रडावं कळेना. "साहेब, हा काय परकराचा नाडा आहे, आज घातला उद्या काढला? त्या गोलकीपरला सोडलं होतंत का एका सामन्यापुरतं?"

"त्याला बघायला कोण येतं?" मॅनेजर म्हणाला. निदान खरं बोलला म्हणायचं.

ती सरांकडे वळली. "सर, रीत तुमची. तुम्ही तरी बोला. माझा माणूस आत्ता कुठे उठून बसलाय हो. पुन्हा झोपला तर उठायचा नाही."

सर वळले नाहीत. "मावशी," ते खिडकीलाच म्हणाले, "हरलो तर मीही इथे नसेन."

घ्या! म्हणजे सगळ्यांनाच आपापलं पोट. आणि पोटाचा विषय निघालाच म्हणून मॅनेजरने मऊ आवाजात आठवण करून दिली, की खोली क्लबची आहे, काकांना दुसरीकडे ह्या वयात, ह्या कानाने, कोण ठेवणार. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उलट ओरडता तरी येतं.

मावशीने शेवटचं करून पाहिलं. ती चक्क सोन्यासमोर जाऊन हात जोडून उभी राहिली. "बाळा, लावते मी नंबर. पण सामन्याआधी एकदा मागच्या गेटवर जा. दोन शब्द बोल त्यांच्याशी. चुकलं म्हण. तेवढंच."

"बघू," सोन्या म्हणाला. मग ती दारापर्यंत गेल्यावर, "ए मावशी, टाके जरा घट्ट घाल हं. मागे कोपरा निघाला होता."

तिने शिवला. सुई जुन्याच भोकांतून गेली. कच्चे टाके घालावेत, हजारो लोकांसमोर भर मैदानात नंबर लोंबू दे मेल्याचा, असं मनात आलं, दोन घातलेही. मग ती खोली डोळ्यांसमोर आली, खाटेवरचा माणूस आला, आणि तिने ते दोन उसवून पक्के घातले. स्वतःच्या हातांची इतकी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

दुपारी ती मागच्या गेटवर जाऊन नवऱ्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली. सोन्या तिकडे फिरकलाही नव्हता. पुढच्या गेटने आत गेला होता.

"शर्ट खुंटीवरच ना?" काकाने विचारलं.

"मग! आणखी कुठे जाणार?" ती म्हणाली, आणि बोलतच सुटली. खोलीचं छत गळतंय, धाकट्या जावेने फोन करायचं सोडलंय, इस्त्रीची वायर जळालीय. त्या गेटवरून मैदान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिला वाटलं, आपण बोलत राहिलो तर निभेल. गोल झाला. मैदान उठलं. "सोन्या! सोन्या!" मावशी जवळजवळ किंचाळत होती, "आणि त्या वायरवाल्याला काय अक्कल आहे का, सांगा ना!"

काकाने तिला बोलून घेऊ दिलं. मग हात पुढे करून तिच्या बाहीवर चिकटलेला लाल दोऱ्याचा तुकडा उचलला. नंबर लाल असायचे.

"घट्ट घातलेस ना?" तो म्हणाला. "तुझं काम कच्चं नसतं."

"अहो, ऐका..."

त्याने किल्ल्यांचा जुडगा तिच्या मांडीवर ठेवला आणि घराकडे चालू लागला. ती मागे धावली. तोवर तो भिंतीकडे तोंड करून पडलाही होता. चांगला कान उशीत, बहिरा कान वर. तिने हाका मारल्या, खांदा हलवला, पाया पडली. तो जागा होता. नुसता ऐकत नव्हता.

क्लब जिंकला. फटाके झाले, नाच झाला. गेटवर कुणीतरी हवं म्हणून मावशी परत येऊन काकाच्या खुर्चीवर बसली. सात वाजले तेव्हा तिने उठून कुलूप घातलं.

पुढच्या गेटवर गर्दी, म्हणून बाहेर पडायला सोन्याची गाडी मागच्या गेटवर आली. आत तीच टाळकी. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"ए मावशी! उघड की!"

"सात वाजलेत," मावशी म्हणाली. "सरांच्या शब्दाशिवाय कुलूप निघत नाही."

गाडीत कुणीतरी हसलं. दार उघडलं आणि सोन्या खाली उतरला. अंगात अजून तोच शर्ट होता. मावशीने एका हाताने आपला कान झाकला, आणि दुसऱ्या हाताने कुलूप घट्ट धरून ठेवलं.