पेटीत राखून ठेवलेली जोडी

दोन बायांचं लग्न हे शहरातल्या उच्चभ्रू लोकांचं खूळ आहे, अशा अर्थाचं सरकारने सुप्रीम कोर्टात लिहून दिलंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज होता आणि तोंडात तीन टाचण्या. टाचण्या गिळल्या नाहीत हे नशीब. उच्चभ्रू! म्हैसूरच्या जुन्या गल्लीत माझ्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. सणासुदीला मान वर करायला फुरसत नसते. आमच्या घराला कोणी उच्चभ्रू म्हटलेलं ऐकायला माझी सासू असायला हवी होती.

आम्ही विठ्ठलाला मानणारे शिंपी. कोणत्या पिढीत इकडे आलो ते घरात कोणालाच धड सांगता येत नाही. विठ्ठल बरोबर आणला, कात्री आणली, मराठीही आणली. पण तिला इथे एवढी कानडी चिकटली की पुण्याकडची माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात. हसू देत. त्यांचेही ब्लाउज मीच शिवते.

मला एकुलती एक मुलगी. ती कंपनीत नोकरी करते आणि इथल्याच विजयनगर भागात भाड्याच्या घरात राहते. तिच्याबरोबर तिची मैत्रीण राहते. ती कानडी, शाळेत गणित शिकवते, आणि माझ्याशी हट्टाने मोडकंतोडकं मराठी बोलते. गल्लीतल्या बायकांना मी सांगायचे, रूममेट आहे. फार सोयीचा शब्द. मी तो इतकी वर्षं वापरला की मलाही तो खरा वाटायला लागला होता.

कोर्टात तो खटला उभा राहायच्या साडेतीन वर्षं आधी, एका दुपारी, मुलगी येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली. मी साडीला फॉल लावत होते.

"आई, माझ्यासाठी सुम्ने, उगाच, मुलं बघू नकोस," ती म्हणाली. "मी तिच्यासोबत आहे."

"आहेस ना. कोण नाही म्हणतंय? भाडं अर्धं पडतं."

"तसं नव्हे गं. तू आणि बाबा होतात तसं."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझे पाय पायडलवर होते आणि ते चालतच राहिले. सुई फॉल सोडून थेट काठावर गेली आणि वीतभर जरीतून वेडीवाकडी टीप बसली. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. ती टीप उसवताना मी एकदाही वर बघितलं नाही. मला कळेनाच की मी कशाने एवढी हादरलेय, तिच्या सांगण्याने, की हे मला आधीच माहीत होतं याने.

टीप उसवून झाली तशी तिने विचारलं, "मग मला गोंबे देशील ना?"

म्हैसूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सगळ्यात वरच्या पायरीवर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडाचे राजा आणि राणी. ही जोडी आपली आपण आणून बसवायची नसते. ती मुलीला लग्नात आईबापांनी द्यायची. आमच्या लोकांनी ही रीत इथेच उचलली, आणि शिंपी असल्यामुळे जास्तच मनावर घेतली. दर वर्षी जोडीला नवे कपडे आम्ही घरीच शिवतो, आणि ते बघायला अख्खी गल्ली येते. मुलगी दहा वर्षांची होती तेव्हाच मी तिच्यासाठी एक जोडी घेतली होती आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. द्यायची ठरेपर्यंत जोडीला कपडे चढवायचे नाहीत, असं आमच्यात मानतात.

"लग्नात देतात गोंबे," मी म्हणाले.

"तेच विचारतेय."

"मग सरकारला म्हणू दे की हे लग्न आहे. कोर्टाचा शिक्का आण, ताटात घालून जोडी देते. विठ्ठलाची शपथ."

शपथ घेताना मला काही वाटलं नाही. असं कधी होणारच नाही याची मला खात्री होती. तिने मान डोलावली आणि चहा करायला आत गेली. मला वाटलं, विषय मिटला.

म्हणून खटला उभा राहिला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाच न्यायाधीश, मोठमोठे वकील, आणि सगळं मोबाईलवर थेट. मुलीने मोबाईल मशीनच्या शेजारी टेकवून दिला. "ऐक फक्त," म्हणाली. माझं इंग्रजी पेपरचे मथळे वाचण्यापुरतं. उरलेलं संध्याकाळच्या कानडी बातम्यांतून गोळा करायचे. पहिल्या दिवशी तोंडदेखलं ऐकलं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना दुपारनंतर या म्हणून सांगायला लागले.

चौदावं कलम, सगळे सारखे. एकविसावं कलम, जगण्याचा हक्क, आणि नुसतं जगायचा नव्हे, मानाने जगायचा. हे मी शाळेत नागरिकशास्त्रात दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते फिरून माझ्या घरातल्या पेटीपाशी येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. सरकारचे वकील विचारत होते की कायद्यात नवरा आणि बायको असे शब्द आहेत, मग दोन बायांमध्ये नवरा कोण धरायचा? नवऱ्याला एकविसावं लागतं, बायकोला अठरावं, मग वय कसं मोजायचं? हे मला एकदम पटलं. मापाचा प्रश्न शिंपिणीला पटतोच. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, नवरा-बायकोच्या जागी जोडीदार असं वाचा, झालं. एवढ्याने होतंय तर वाचा की, असं माझ्या मनात आलं, आणि ते माझ्या मनात आलं म्हणून मीच दचकले.

शेजारच्या बाई शिलाई न्यायला आल्या आणि मोबाईलकडे बघून म्हणाल्या, "काय हो हे, कलियुग!" मी म्हटलं, "तुमचा गळा एक इंच खाली आलाय, आधी तो बघा." गळा बरोबर होता. मला त्यांना गप्प करायचं होतं, आणि का करायचं होतं हे मला सांगता आलं नसतं.

मग निकाल राखून ठेवला. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मुलगी दर रविवारी यायची, जेवायची, आणि जाताना एकदा पेटीकडे बघायची.

निकाल आला तो नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी. दोघी सकाळीच आल्या. मुलीने रजा टाकली होती, मैत्रिणीला दसऱ्याची सुट्टी होती. मैत्रिणीने स्वतः गजरा माळला होता आणि एक माझ्यासाठी आणला होता. गजरा बघून मला धस्स झालं, कारण त्या काय मनात धरून आल्यात हे त्यातूनच कळलं. आम्ही तिघी पायऱ्यांसमोर चटईवर बसलो. वर माझी जोडी नव्या हिरव्या कपड्यांत उभी होती. पुढ्यात मी हरभऱ्याच्या उसळीच्या वाट्या ठेवल्या.

न्यायाधीशांची वेगवेगळी निकालपत्रं होती. कोण काय म्हणतंय ते मला नीट कळेना, म्हणून मी मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधी तो उजळला. मग हळूहळू विझला. मैत्रिणीने माझ्यासाठी हळू आवाजात सांगितलं, की एका गोष्टीवर पाचही जण एक आहेत. लग्न करायचा मूलभूत हक्क घटनेत नाही. कायदा करायचा तर तो संसदेने.

"हक्क नाही?" मी ओरडलेच.

मला खरंच धक्का बसला. एकोणिसाव्या वर्षी मला बोहल्यावर उभं केलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. लग्न टाळता येतं हेच मला माहीत नव्हतं. या दोघी घर शोधत होत्या तेव्हा प्रत्येक घरमालकाने पहिला प्रश्न हाच केला होता की लग्न का नाही झालं. जी गोष्ट सगळं गाव गळ्यात पडून मागतं, तिचा हक्क कोणालाच नाही? मग आम्हा सगळ्यांच्या मानेवर जे बसवलं होतं ते काय होतं? मी बराच वेळ बडबडत राहिले.

आणि मग, बडबडता बडबडता, मला जाणवलं की मला सुटल्यासारखं वाटतंय. शिक्का आला नाही. शपथ मोडली नाही. पेटी उघडायची नाही, शेजारच्या बाईंना काही सांगायचं नाही. छातीवरचं ओझं उतरलं आणि मी चक्क सैलावून बसले. निकालाने मी हादरले होते हे खरं. पण माझ्या त्या सुटकेने मी जशी हादरले तशी आयुष्यात कधी हादरलेली नाही.

ते झाकायला मी म्हणाले, "असू दे गं. सरकार समिती नेमणार म्हणतात ना? संसद काय ते बघेल. आपल्या हातात काय आहे?"

मुलीने मोबाईल बंद केला.

"तुझ्या हातात पेटीची किल्ली आहे," ती म्हणाली. "मी गोंबे तुझ्याकडे मागितले होते, आई. कोर्टाकडे नव्हे."

"बेड," मैत्रीण तिच्या दंडाला धरून म्हणाली. पुरे, नको. "होगोण, बा." चल, जाऊया.

त्या गेल्या. उसळीच्या वाट्या तशाच राहिल्या. माझा गजरा मशीनवर पडून होता.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. सरकारने संसदेकडे बोट दाखवलं, कोर्टानेही तिकडेच, आणि मी आरामात त्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले होते. चार वर्षं. मला स्वतःचा इतका राग आला की एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या शिवल्या.

नवमीला मी पेटी उघडली. जोडी लुगड्यातून काढली. लाकूड काळसर पडलं होतं, पण चीर गेली नव्हती. टेप लावून मापं घेतली, आणि कात्री हातात घेऊन अडकले. सरकारचाच प्रश्न. यांच्यात नवरा कोण? राजाला धोतर शिवलं तर मुलीला टोचेल का? तासभर विचार केला. मग माझ्या लग्नाच्या शालूचा काठ कापला आणि दोघांनाही त्याच काठाच्या दोन साड्या शिवल्या. राजाला मिशी होती. पदर जरा पुढे ओढून घेतला. मला माझाच अभिमान वाटला.

दसऱ्याच्या दिवशी सगळं म्हैसूर मिरवणुकीला निघालेलं आणि मी एकटी उलट दिशेला, मांडीवर पिशवी घेऊन रिक्षात. नवरात्रात मी मुलीच्या घरी कधीच गेले नव्हते. कामातून सवड नसते, हे माझं दर वर्षीचं कारण.

दार मैत्रिणीने उघडलं. तिच्या खांद्यावरून मला पायऱ्या दिसल्या. पाच छोट्या पायऱ्या, स्वच्छ कापड, माती-लाकडाच्या बाहुल्या, फुलं. सगळ्यात वरच्या पायरीवर मात्र लाल कापड अंथरलेलं, आणि त्यावर काहीच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"चार वर्ष असंच आहे, अम्मा," ती म्हणाली. "बघायला येतात ते विचारतात, राजा-राणी एल्ली, कुठे? ही सांगते, आईकडे आहेत. यायचे आहेत."

मी तिथेच चपलांशेजारी खाली बसले. आई देत नाही, असं तिने एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं. यायचे आहेत, म्हणाली होती. चार वर्षं, चार नवरात्रं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला.

मुलगी स्वयंपाकघरातून आली. मला बघून थांबली. मी पिशवीतून जोडी काढून तिच्या हातात दिली. ताट आणायचं विसरले होते. ती त्या दोन साड्यांकडे बघत राहिली. मग तिने राजाचा पदर बोटाने मागे सारला, मिशी बघितली, आणि तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अय्यो आई, राजाला साडी?"

"मग काय करू? नवरा कोण ते मला कुठे माहीत!"

"बाहुल्या आहेत गं त्या! आम्ही नव्हे. त्याला धोतर नेसव, बस, अष्टे."

मैत्रीणही हसायला लागली, आणि मग मीही. मी कात्री मागितली. राजाची साडी उसवून तिचं धोतर केलं, काठ तोच ठेवला. दोघींनी मिळून जोडी वरच्या पायरीवर ठेवली. मी हळदकुंकू लावलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गोंबे आडवे करायचे असतात. सण संपला, त्यांनी आता झोपायचं, मग पेटीत जायचं. मुलीने खालच्या पायरीपासून एकेक बाहुली आडवी केली. शेवटी वर हात नेला, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

"यांना आज उभं राहू दे," मी म्हणाले. "चार वर्षं मी झोपवूनच ठेवलं होतं."