गेटवरचा फळा

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत गेटजवळ एक फळा आहे. तळमजल्यावरचे काका रोज सकाळी त्यावर रंगीत खडूने देशाची थोरवी लिहितात. अक्षर मोत्यासारखं. सोसायटीतलं कोणी गेलं, तरच त्या दिवशी थोरवी पुसून निधनवार्ता लिहितात.

गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, "आरोग्यात शेजारी देश आपल्या जवळपासही नाहीत!" माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "काका, बांगलादेश आपल्याहून कमी खर्चात माणसं जास्त वर्षं जगवतो. श्रीलंकेत बाळंतपणात बायका आपल्यापेक्षा कितीतरी कमी दगावतात."

काकांनी बोटांवरची खडूची पूड फुंकली. त्यांचं ठरलेलंच आहे, आधी फुंकर, मग उत्तर. "अगं, चिमुकले देश ते! आपल्याशी कसली तुलना? आणि आपल्यापैकी कोणी दगावलंय का, सांग बरं."

काल दगावली. आमचे जिने झाडणाऱ्या मावशींची मुलगी, डोंबिवलीला मानपाड्यात दिलेली, पहिलटकरीण. एका दवाखान्याने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. पोर रिक्षातच गेली.

आज सकाळी फळ्यावर पुन्हा थोरवी होतीच. मी ती तळहाताने खसाखसा पुसली, तिचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "बाळंतपणात निधन." काका बाजूला उभे राहून बघत होते. मग खडू खिशात टाकून आत गेले. मला वाटलं, लाजले.

संध्याकाळी कामावरून आले तेव्हा नाव तसंच होतं. त्याच्यापुढे, मोत्यासारख्या अक्षरात, काकांनी कंसात भर घातली होती: "सोसायटीच्या सभासद नव्हत्या."